एका बाराचं देणं

सात रायफलींचे सात बोल्ट दयानंद शिवलकरने एकाच परातीत रॉकेलमध्ये बुडवले. अठ्ठावीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढलेल्या माणसाने असं करणं म्हणजे सुईणीने सात बाळंतिणींची बाळं एकाच दुपट्यात गुंडाळण्यासारखं होतं. पुढचं सगळं रामायण त्या परातीतून निघालं.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी मागून सरकवायची पोलादी दांडी. काडतूस नळीत गेलं की ती त्याच्या पाठीला टेकून बसते. नीट टेकली तर बार पुढे जातो. मधे जरा जास्तीची फट राहिली तर काडतूस मागून फाटतं आणि जाळ नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. म्हणून ज्या रायफलीचा बोल्ट तिलाच लावायचा. कारखान्यात दोघांवर एकच नंबर ठोकलेला असतो. रत्नागिरीला दयानंदच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "टेबलावर एका वेळी एकच बंदूक. दुसरी आणायची तर पहिली आधी घरी पाठव."

पण उस्ताद रत्नागिरीत वारले होते आणि दयानंद ओमानात, मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात महमूद बलुशीच्या दुकानात बसला होता. दोन हजार चौदाचा नोव्हेंबर. इकडे राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुका, तिकडे थंडी पडल्यामुळे लग्नांची झुंबड, आणि ओमानी माणसाच्या आनंदाला आजोबांची रायफल लागतेच. महमूद सकाळपासून दाराशी "यल्ला, दया, यल्ला", म्हणजे आटप, आटप, करत फेऱ्या मारत होता. मालकच तो, त्याच्या जिभेला लगाम कोण घालणार?

दयानंद मस्कतला आला तो उस्मान परकारमुळे. उस्मान रत्नागिरीत त्याच्या आळीच्या पलीकडे राहायचा. आता सीबला पिकअप चालवून दुकानादुकानांत माल पोचवतो. रत्नागिरीतल्या पोलिसांना नव्या बंदुका आल्या, जुन्या थ्री-नॉट-थ्री जमा झाल्या, आणि त्यांच्यावर हात बसलेल्या दयानंदला साहेबांनी रजिस्टरं लिहायला बसवलं. सहा महिन्यांत त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. उस्मान फोनवर म्हणाला होता, "इकडे ये मेल्या. तिकडे ज्या बंदुकांना पेन्शन दिली, त्यांना इकडे लग्नाची आमंत्रणा येतात."

खरंच होतं ते. कुठल्या कुठल्या पलटणींनी काढून टाकलेल्या, हातोहात विकल्या गेलेल्या त्याच रायफली इथे भिंतीवर मानाने टांगलेल्या होत्या. दस्त्याला चांदीचे पट्टे, कुणाच्या नळीवर आजोबाचं नाव. महमूदकडे परवाना होता, हत्यारं होती, इंग्लंडहून मागवलेले गेज, म्हणजे फट मोजायची मापं, होते. फक्त "ही उडवायला चालेल की नाही" हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस नव्हता. तो दयानंद झाला. रायफल चालण्यासारखी असली तर तो खटक्याच्या कडीला शिशाची बारीक मोहोर लावायचा. दोन वर्षांत सीबपासून डोंगरातल्या गावांपर्यंत लोक म्हणू लागले, हिंदीची, म्हणजे त्या हिंदुस्थानी माणसाची, मोहोर आहे ना, मग डोळे मिटून उडवा.

डोळे मिटून. हाच शब्द पुढे त्याच्या छातीत रुतून बसला.

बुधवारी सातांपैकी सहा रायफली समाईलच्या पुढच्या एका गावी गेल्या. त्या सगळ्या खल्फान नावाच्या म्हाताऱ्याच्या घरच्या. त्याच्या नातवाचं, मुआजचं, गुरुवारी लग्न. सातवी मागे राहिली, कारण तिच्या मालकाला घाई नव्हती.

गुरुवारी सकाळी दयानंदने ती सातवी उचलली, बोल्ट सरकवला आणि दांडा खाली पाडला. दांडा लाकडाला घासला. लाकडावर पांढरा ओरखडा उठला, ताजा.

त्याने हात काढून घेतला. या दांड्याला खाली किंचित बाक होता. असा बाक त्याने दोनच दिवसांपूर्वी पाहिला होता, म्हाताऱ्याच्या रायफलीवर. ती कधी काळी उंटावरून पडली होती म्हणे. सगळ्याच बोल्टांचे नंबर वाचता येत नव्हते असं नाही. पाचांचे लख्ख होते. म्हाताऱ्याचा साठ वर्षं तळहाताखाली झिजून गेला होता आणि सातवीचा कुणी तरी आधीच्या कारागिराने कानशीने उडवला होता. बिननंबरी दोघे, परातीत शेजारी.

म्हणजे म्हाताऱ्याचा बोल्ट इथे होता. आणि म्हाताऱ्याच्या रायफलीत भलताच बोल्ट, वर दयानंदची मोहोर.

"महमूदभाई, फोन लगाओ उनको."

महमूदने ऐकून घेतलं. मग दाढी खाजवली. "शादी के दिन मैं फोन करके बोलूँ, तुम्हारा बंदूक खराब है? दुकान बंद करवाएगा तू? अरे, वो लोग खाली आवाज करते हैं. गोली नहीं, पटाखा."

"पटाख्यात पण बारूद असते," दयानंद मराठीतच म्हणाला. मग हिंदीत, "और बुड्ढा पटाखा नहीं चलाता. मुझे खुद बोला था, मेरा पहला बार असली होता है, पहाड़ की तरफ."

महमूदने दोन वेळा फोन लावला. लग्नघरात फोन कोण उचलतो! मग तो म्हणाला, "खलास. मैंने किया ना?" आणि गिऱ्हाइकाकडे वळला. जाता जाता मात्र इतकं बोलला, "दया, तू गया तो अपने नाम से जाना. दुकान के नाम से नहीं. कुछ उल्टा हुआ तो वीजा मैं नहीं सँभालेगा."

दयानंदने बोल्ट फलालीनच्या फडक्यात गुंडाळला, नो-गो गेज खिशात घातला आणि उस्मानला गाठलं. उस्मान अल खौदला पाण्याचे कॅन उतरवत होता.

"तुजा तोंड असा का पडलाय? सुगंधा वहिनीन माहेर गाठलान काय?"

दयानंदने सांगितलं. उस्मानने राहिलेले कॅन तिथेच ठेवले आणि गाडी सुरू केली.

वाटेत पहिला अर्धा तास कुणी काही बोललं नाही, आणि उस्मानच्या बाबतीत हे आजारपणाचं लक्षण होतं. डोंगर जवळ यायला लागले तसा तो म्हणाला, "एक बोलू? तू चोरासारखा जातोयस. अरे, तू काय मुद्दाम केलास?"

"मुद्दामच. मला ठाव होता ना एकेक करायचा. घाई केली."

"अल्ला माफ करील."

"अल्लाचा नाय रे. त्या म्हाताऱ्याचा डोळा."

त्याला दुसराच डोळा आठवत होता. रत्नागिरीत चांदमारीच्या मैदानावर एका शिपायाच्या हातात काडतूस मागून फाटलं होतं. रायफल दयानंदने तपासलेली नव्हती, पण तो शेजारीच उभा होता. डोळा वाचला, पण गालात बारुदाचे काळे ठिपके कायमचे राहिले, तीळ असल्यासारखे. नंतर तो शिपाई चेष्टेत म्हणायचा, बायको म्हणते दृष्ट लागायची भीती नाही आता. सगळे हसायचे. दयानंदला कधी हसू आलं नाही.

गावात पोचले तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती. खजुरीच्या बागेपलीकडे घर, अंगणात भल्यामोठ्या पातेल्यांचा धूर, पुरुषांचे ढोल तापायला लागलेले. म्हाताऱ्याने दोघांना पाहिलं आणि हात पसरले. हिंदी आला, न बोलावता लग्नाला आला, यापेक्षा मोठा मान कुठला? दोघांना मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या लांबलचक खोलीत, थेट वरच्या टोकाला नेऊन बसवलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावरच भिंतीला ती रायफल टांगलेली होती. मोहोर चमकत होती.

आणि इथे दयानंद अडकला. कारण या लोकांच्या घरात कामाचं बोलणं असं दारातून आत येत नाही. आधी खजूर. मग कहवा. मग यजमान विचारतो, "उलूम?" म्हणजे काय खबरबात, आणि पाहुण्याने सांगायचं, सगळं खैर आहे, वाईट काही नाही. घर जळत असलं तरी पहिलं उत्तर हेच. खरी बातमी पुढच्या फेऱ्यांत, हळूहळू. दोन वर्षांत दयानंद हे सगळं शिकला होता.

"उलूम?" म्हाताऱ्याने विचारलं.

"खैर," दयानंद म्हणाला. "सगळं खैर."

उस्मानने मान खाली घालून खजुराची बी काढली. "शाब्बास," तो पुटपुटला. "आता बोल्ट काय ढोलवाल्याला देणार हायस?"

दुसरा कप आला. कहवा ओतणारा समोरच उभा राही. कप हलवला नाही तर पुन्हा ओते. दयानंद कप हलवायला विसरत होता, त्यामुळे तिसराही आला. त्याचे डोळे भिंतीवर. इतक्यात नवरदेव मुआज आत आला, पांढरा शुभ्र, कमरेला खंजीर. "जद्दी," तो आजोबांना म्हणाला, बाहेर सगळे थांबलेत. या घरात पहिला बार सर्वांत वडीलधाऱ्याचा, मग बाकीच्यांचे. मुआजने टाचा उंचावून रायफल खाली काढली आणि आजोबांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने खिशातून काडतूस काढलं.

दयानंद कहव्याच्या कपासकट उठला. "ला! ला!" नाही, नाही. त्याने रायफलीची नळी धरली.

भर मजलिसमध्ये, यजमानाच्या हातातल्या शस्त्राला पाहुण्याने हात घातला होता. तीस माणसांच्या माना एकदम वळल्या. कहवा गालिच्यावर सांडला होता, तो कुणी पाहिलाही नाही.

उस्मान तत्परतेने अरबीत बोलू लागला. हा म्हणतोय की बाबा, तेल घालायचं राहिलं, बस, दोन मिनिटांचं काम, लग्नाच्या आनंदात याला...

म्हाताऱ्याने हात वर केला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला, "बेटा, मैं जवानी में बंबई के भिंडी बाजार में तीन साल खजूर बेचा हूँ. झूठ थोड़ा कम बोल. इसको बोलने दे."

उस्मानचा चेहरा भिजलेल्या पापडासारखा झाला.

मग दयानंद बोलला. मोडक्या हिंदीत, पण सगळं. परात, रॉकेल, दोन बिननंबरी बोल्ट, मोहोर. "गलती मेरा है. दुकान का नहीं." फडक्यातला बोल्ट त्याने दोन्ही हातांवर धरून पुढे केला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, बोल्टकडे पाहिलं, दांड्याच्या बाकावरून अंगठा फिरवला. "हाँ. ये मेरा है." आणि रायफल त्याच्या हातात दिली. "जल्दी कर. लड़की वाले राह देखते हैं."

बाहेर पिकअपच्या बॉनेटवर दयानंदने फडकं पसरलं. उस्मान, मुआज आणि दहा-बारा माणसं भोवती. आधी त्याने भलता बोल्ट तसाच ठेवून नो-गो गेज आत घातला. हा गेज म्हणजे काडतुसाच्या आकाराचा, किंचित जाड पोलादी तुकडा. त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. झाला तर फट जास्त. त्याने करंगळीने दांडा लोटला. दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली पडला.

मुआजला काही कळलं नाही, पण दयानंदचं तोंड त्याला कळलं असावं. तो मागे सरकला.

"बघितलास?" उस्मान हळूच म्हणाला. "वाचला म्हातारा. आता त्याचा घाल आणि चल."

दयानंदने म्हाताऱ्याचा बोल्ट बसवला. आता काम झालंच होतं खरं तर. हा बोल्ट याच रायफलीचा, आणि मंगळवारी या जोडीची तपासणी त्याने स्वतः केली होती. दांडा अर्ध्यावर अडला होता, पास. सवय म्हणून त्याने गेज पुन्हा घातला. करंगळी लावली.

दांडा जरासा थबकला. मग खाली गेला.

त्याने काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर थबकलाही नाही.

ऊन मानेवर चढत होतं. त्याला मंगळवार आठवला, एकेक हालचाल. घाईत त्याने गेज आधी लावला होता आणि धुणं नंतर केलं होतं. रायफलीत साठ वर्षांचं वंगण घट्ट बसलेलं, ओशट, काळं, लाखेसारखं. ती फट त्या घाणीने भरली होती. गेज घाणीला अडला होता आणि त्याने मोहोर लावली होती. मग रॉकेलने घाण निघून गेली. म्हणजे परातीतली अदलाबदल झाली नसती, तर तो सीबला आरामात बसला असता आणि म्हातारा याच बोल्टने, याच मोहोरेच्या भरवशावर, ओठ चावून बार उडवायला गेला असता.

"काय झाला?" उस्मानने विचारलं.

"हा पण जातो."

उस्मानने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दया, ऐक. कुणाला कळलाय? त्याचा बोल्ट त्याला मिळाला, सगळे खूश हायत. इतकी वर्सा उडवतोय ना तो? आणखी एक बार. उद्या बोलव दुकानात, काय ता सांग."

ही गोष्ट खोटी नव्हती. बहुधा काही झालंही नसतं. दहातल्या नऊ वेळा होत नाही. दयानंदने क्षणभर त्या नऊ वेळांचा हिशेब मनात केला. मग तो बोल्ट बाहेर काढून त्याने खिशात टाकला, म्हणजे आपलंच मन पुन्हा बदलायला नको.

तो आत गेला. या वेळी "उलूम" कुणी विचारलं नाही.

"बाबा, आपका बोल्ट भी ढीला है. बंदूक बूढ़ा हो गया. मंगल को मैंने गलत देखा. आज नहीं चलेगा. कभी भी नहीं, जब तक नया मुंडी नहीं मिलता." या जातीच्या बोल्टला पुढे सुटं डोकं असतं, एकापेक्षा एक लांब अशा नंबरांचं. झिजलेल्या रायफलीला तीन नंबरचं, सर्वांत लांब डोकं लावलं की फट भरते. पण ते बनणं कधीच बंद झालं होतं.

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. बाहेर ढोल वाजायचे थांबले होते. सगळे पहिल्या बाराची वाट पाहत होते.

"मेरे बाप का जनाजा, मेरा निकाह, पाँच लड़के," तो म्हणाला. "हर बार ये बोली. आज चुप?"

"जी," दयानंद म्हणाला.

"दुसरी घ्या जद्दी," असं काहीसं मुआज अरबीत म्हणाला. म्हाताऱ्याने नकाराची मान हलवली. बाकीच्या पाचही दयानंदने बॉनेटवर गेज लावून पास केल्या, मग पहिला बार म्हाताऱ्याच्या धाकट्या भावाने त्यांतल्या एकीने काढला. म्हातारा अंगणात उभा होता, हातात नुसती काठी. बार डोंगरावर आदळून परत आला, बायकांनी आतून ललकारी दिली, आणि म्हाताऱ्याचा उजवा खांदा उगीचच जरासा मागे गेला, धक्का बसल्यासारखा. दयानंदने ते पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

निघताना म्हातारा गाडीपर्यंत आला. रायफल त्याने स्वतः मागच्या सीटवर ठेवली.

"हिंदी, तेरे ऊपर मेरा एक बार बाकी है."

"जी बाबा."

"मुंडी ढूँढ. बंदूक तेरे पास रहेगा. और उस महमूद को बोल, जब तक मेरा बंदूक उधर है, ये आदमी भी उधर होना."

महमूदला हे अर्थातच फोनवर आधीच कळलं होतं. तो तासभर ओरडला. दुकानाचं नाव, गावभर शोभा, इत्यादी. पुढच्या महिन्यात तीन घरांनी आपल्या रायफली परत नेल्या. एकाने तर तोंडावर सांगितलं, ज्याला स्वतःच्या मोहोरेवर विश्वास नाही, त्याच्या मोहोरेवर आम्ही का ठेवावा? दयानंदने राहिलेल्या बावीस मोहोरबंद रायफली एकेक करून परत बोलावल्या, एकेक करून पुन्हा तपासल्या. दोन नापास झाल्या. महमूदने त्याला काढलं असतं, पण खल्फानचा शब्द मोडून समाईलच्या रस्त्याने जायची त्याची हिंमत नव्हती.

ती रायफल मागच्या कपाटात बोल्टसकट तारेने बांधून ठेवलेली. दयानंदने रत्नागिरीच्या जुन्या भांडारवाल्याला विचारलं. सगळं भट्टीत गेलं म्हणाला. महमूदमार्फत कराचीला, इंग्लंडला विचारणा झाली. एक नंबरची डोकी आली, दोन नंबरची आली, एक तीन नंबरचं म्हणून आलं ते कुणी तरी घासून नंबर बदललेलं निघालं. घाम पुसत तो गेज लावायचा आणि दांडा खाली जायचा.

"तुला सापडणारच नाय ता," उस्मान एकदा म्हणाला. अझैब्याच्या चहाच्या टपरीवर बसले होते. "सापडला की बार उडणार. बार उडला की तुजी नोकरी पण उडणार. मी तुज्या जागी असतो तर समुद्रात फेकला असता."

दयानंद हसला नाही. "मी पण तोच विचार करतो कधी कधी," तो म्हणाला. उस्मानने मग चहा संपेपर्यंत चेष्टा केली नाही.

मधल्या काळात मुआजला मुलगी झाली. तेव्हाही बार दुसऱ्याच रायफलीचा. दर उन्हाळ्यात गावाहून खजुराची एक गोणी येते, आणि दर ईदला फोन.

दोन हजार सतराच्या बकरी ईदच्या आदल्या आठवड्यात कराचीहून पुडी आली. आत डोकं, तेलकट कागदात, अस्सल, नंबर तीन. दयानंदने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. टेबलावर एकच रायफल. तिची नळी कोरडी पुसली, बोल्ट कोरडा पुसला, डोकं बसवलं, गेज घातला. करंगळी लावली.

दांडा अडला.

त्याने पुन्हा केलं. अडला. पाच वेळा केलं, दुसऱ्या हाताने केलं. मग त्याने शिशाचा तुकडा घेतला, मोहोरेचा साचा घेतला, आणि साचा हातातच राहिला. त्याने भिंगातून नळीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं. उन्हात आणून पाहिलं. बोल्ट बसतो त्या घरात, जिथे बोल्टचा कान म्हणजे बाजूचा उंचवटा टेकतो, तिथे केसासारखी एक रेघ होती. ओरखडा असेल. चीर असली तर ही रायफल कधीच उडवता येणार नाही. रंग लावून, चोवीस तास ठेवून, पुसून पाहिल्याशिवाय सांगता आलं नसतं.

फोन वाजला. म्हातारा दर खेपेला एक आठवडा आधीच करायचा.

"उलूम?"

"खैर, बाबा."

"मेरा बार?"

दयानंदने साचा खाली ठेवला. "कल बताता हूँ," तो म्हणाला. "आज सिर्फ एक दिन और दो."

"तीन साल हो गया, हिंदी."

"जी बाबा. बाकी है."